तीनवरचा गारवा

जॅम आणि सरबतं बनवणाऱ्या त्या कारखान्यात माणसं पुष्कळ होती, पण डब्यात कांदा-लसूण आणायचा नाही हा नियम फक्त चौघांना होता. त्यांनी अंगाला अत्तर लावायचं नाही, डोक्याला वासाचं तेल लावायचं नाही, आणि सर्दी झाली तर लपवायची नाही. बाकीचे लोक त्यांना हसायचे आणि मनातून जरा टरकूनही असायचे, कारण या चौघांनी नाक मुरडलं की सकाळपासून ढवळलेली अख्खी कढई ओतून द्यावी लागायची. ते कारखान्याची जीभ होते, आणि त्या जिभेचा त्यांना गर्व होता.

चौघांवर देखरेख चवताईची. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. वरच्या मजल्यावरची चाखण्याची खोली तिने स्वतः उभी केली होती. पूर्वी तिथे रिकामी खोकी पडलेली असत. आता पांढऱ्या भिंती होत्या, मध्ये फळ्या घालून केलेले चार कप्पे होते, आणि प्रत्येक कप्प्याला समोर सरकत्या दाराची चिमुकली खिडकी. पलीकडून चवताई खिडकी उघडायची आणि तीन वाट्यांचा ट्रे आत सारायची. दोन वाट्यांत एकच जॅम, तिसरीत वेगळा. वेगळी वाटी कुठली ते ओळखायचं, का ते चिठ्ठीवर लिहायचं, पाण्याने चूळ भरायची, पुढचा ट्रे. बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही.

आणि हे सगळं लाल दिव्याखाली. नव्या माणसाला वाटायचं फोटो धुण्याची खोली आहे. पण लाल उजेडात लाल जॅम, पिवळा जॅम सगळे सारखेच दिसतात, आणि चवताईला तेच हवं असायचं. माणसाची जीभ डोळ्यांच्या फार आज्ञेत असते हे तिला पक्कं ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने लिंबाच्या सरबतात नुसता नारिंगी रंग घालून नवऱ्याला दिलं होतं. त्याने मिशा पुसत यंदाची संत्री चांगली निघाल्याचं सांगितलं होतं. त्याला खरं काय ते तिने अजून सांगितलेलं नाही.

तर डोळे तिने लाल दिव्याने बंद केले होते, कान दारं लावून बंद केले होते आणि नाकावर पहारा बसवला होता. अंगाची कातडी मात्र मोकळीच राहिली होती, आणि घात तिथेच झाला.

चौघांतला थंडोबा हा दांडगा गडी. त्याला बारा महिने उकडायचं. गरम खोलीत जीभ जड होते, गोडाचं काही कळत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्या शेजारच्या कप्प्यात बसणाऱ्या बाईंना सगळे गोधडी म्हणायचे, कारण त्या शाल पांघरल्याशिवाय कधी कुणाला दिसल्या नव्हत्या. गारठ्यात जीभ बधिर होते, आंबटाचं काही कळत नाही, हे त्यांचं म्हणणं. तिसरा होयबा. तो शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूचा. चौथा मुनी. तो कुणाच्याच बाजूने बोलत नसे, कारण तो बोलतच नसे.

इमारतीला गारवा पुरवणारं यंत्र एकच, तळघरात, आणि खोलीत त्याचं कुठलंही बटण नव्हतं. छताजवळच्या जाळीतून यायची तेवढी हवा यायची. दिवसभर दोघांची जुंपलेली असे. थंडोबा खुर्ची जाळीखाली ओढायचा, गोधडी जाळीवर पुठ्ठा लावायच्या, थंडोबा पुठ्ठा काढायचा. मग वेगळी वाटी कुठली यावर दोघांची दोन मतं, होयबाची दोन्ही मतं, आणि मुनीचं बरोबर असलं तरी एकटं. अशाच एका भांडणाच्या दिवशी बुडाला लागलेल्या स्ट्रॉबेरी जॅमची कढई पास झाली, बाटल्यांत भरली गेली, दुकानांत पोचली आणि तक्रारींसकट परत आली.

मालकीणबाई स्वतः जिना चढून वर आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली. चव मोजायचं यंत्र मिळतं, त्याला उकडत नाही आणि थंडीही वाजत नाही, असं त्या म्हणाल्या. या महिन्यात गाडी रुळावर आली नाही तर चौघांनी आपापल्या जुन्या खात्यात जायचं, चवताईने पॅकिंगला जायचं, आणि खोलीत पुन्हा खोकी येतील.

त्या दिवशी चवताईला घरी घास उतरेना. त्या कप्प्यांच्या फळ्यांना तिने स्वतःच्या हाताने रंग दिला होता. तिथे खोकी रचलेली तिच्या डोळ्यांसमोर सारखी येत होती, आणि तिला रडू येत होतं ते भाजी तिखट झाल्याच्या नावावर खपत होतं.

नवऱ्याच्या नजरेतून ते सुटलं, पण दिराच्या नाही. तिचा धाकटा दीर त्याच कारखान्यात वीजकामाला होता आणि तळघरातलं यंत्र त्याच्याच ताब्यात होतं. गडी अंगाने किडकिडीत आणि डोक्याने बिलंदर. गार करा, गरम करा म्हणून सगळ्या मजल्यांवरून त्याला फोन यायचे. तो प्रत्येकाला "करतो" म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही. त्यातले निम्मे लोक थोड्या वेळाने फोन करून त्याचे आभार मानायचे. जेवण झाल्यावर ताटं उचलता उचलता त्याने विषय काढला.

"वहिनी, तुमच्या माणसांना गारवा नकोच आहे. त्यांना बटण हवंय."

"बटण लावून काय होणार, भावजी? तुम्हीच म्हणता ना, यंत्र एकच आहे."

"बटण लावतो. ते कशाला जोडलेलं असायला हवं, असं कुठे म्हटलं मी?"

चवताईने त्याला वेड्यात काढलं. बाकी कुणीही फसेल, पण ही माणसं नाही, असं तिने ठणकावलं. चार दाणे साखर जास्त पडली तर ती ओळखतात. कढईत लाकडी उलथनं वापरलं की स्टीलचं, हे सांगतात. ती काय बिनतारेच्या बटणाला भुलणार?

"जीभ शिकवलेली आहे त्यांची," दीर म्हणाला. "कातडी तुमच्या-माझ्यासारखीच अडाणी आहे."

रात्रभर तिने या वाक्याशी हुज्जत घातली आणि सकाळी डबा भरताना हो म्हणाली.

दिराने काम मन लावून केलं. भिंतीवर पांढरी डबी, तिच्यावर गोल फिरणारं बटण, एक ते पाच आकडे. एकपाशी लाल ठिपका, पाचपाशी निळा. जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरमधून काढलेली पट्टी आत बसवली, म्हणजे प्रत्येक आकड्यावर कट्ट असा भरघोस आवाज यावा. डबी पोकळ वाजू नये म्हणून जॅमच्या बाटलीवरची लेबलं चुरगाळून आत कोंबली. त्यावर कडी म्हणून छताच्या जाळीला त्याने रेशमी फितीचा एक तुकडा बांधला. हवा तिथून आधीही येतच होती. आता ती येताना दिसायला लागली.

चवताईने सकाळी चौघांना गोळा करून मख्ख चेहऱ्याने जाहीर केलं, की मालकीणबाईंनी या खोलीसाठी खास सोय करून दिली आहे. जेवणापर्यंत बटण गोधडींच्या ताब्यात, जेवणानंतर थंडोबाच्या. गोधडींनी शाल सावरत बटण दोनवर आणलं. कट्ट. सगळे जाळीकडे बघायला लागले. फीत हलत होती. गोधडी जरा वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि मग चवताईच्या देखत, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी शाल खांद्यावरून काढली आणि घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवली. चवताईला पलीकडच्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून हसावं लागलं.

दुपारी थंडोबाने बटण चारवर नेलं आणि हाश्श करून सदऱ्याचं वरचं बटण लावलं. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण ही चाखणारी माणसं. कुठल्याही गोष्टीला आधी, मध्ये आणि शेवट असतो आणि तो शब्दांत सांगायचा असतो, ही त्यांची रोजची सवय. दोन दिवसांत त्यांनी गारवाही चाखायला घेतला. गोधडींच्या मते दोनचा गारवा कोरडा होता आणि आधी कानाच्या पाळीला लागायचा. थंडोबाच्या मते चार सरळ मानेवर उतरायचा, पण त्याचा शेवट जरा ओलसर होता. होयबा दोघांशीही सहमत होता. तीन मात्र फार संतुलित आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. मधल्या सुट्टीत सगळे आपण होऊन बटण तीनवर ठेवायला लागले. मुनी काही बोलला नाही, पण जाता येता बटण तीनवर आहे ना, हे तोही बघायचा.

चवताई हे सगळं घरी सांगायची आणि दीर खुर्चीवरून पडायच्या बेताला यायचा. हिशेबखात्यातही एक डबी लावू का, असं त्याने विचारलं. तिने त्याला दटावलं. गंमत म्हणून ती हसायची, पण अंथरुणाला पाठ टेकली की ते तिला टोचायला लागायचं. चौघं तिच्यावर विश्वास टाकून लाल अंधारात बसत होती. त्यांच्या वाट्यांत तिने कधी लबाडी केली नव्हती. आता भिंतीवर केली होती.

पण काम असं व्हायला लागलं, की बोलायची सोय राहिली नाही. भांडणं थांबली तसं लक्ष वाट्यांवर आलं. लागलेला मोरंब्याचा हंडा चौघांनी एकमुखाने पकडला. सरबताच्या एका घाण्यात लिंबं शिळी वापरली होती, तेही निघालं. खाली कढईवाले पुन्हा दबकून वागू लागले.

मालकीणबाई बघायला आल्या. बाहेर गार हवा होती म्हणून त्यांनी लोकरीचं जाकीट चढवलं होतं. खोलीत पाऊल टाकताच त्या आखडल्या आणि फारच थंड आहे म्हणाल्या. गोधडींनी मोठ्या अगत्याने त्यांना बटण दाखवलं. मालकीणबाईंनी ते एकवर आणलं, कट्ट, आणि बोलत राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी जाकिटाची बटणं सोडली. मग जाकीट काढलं. आता कसं बरं वाटतंय, असं म्हणून त्यांनी ते खुंटीला अडकवलं, आणि निघताना तिथेच विसरून गेल्या. चवताईने ते बघितलं होतं. पाठवून द्यावं असं तिच्या मनातही आलं होतं. पण मग ते खुंटीवरच राहिलं, आणि का राहिलं हे तिने स्वतःलाही नीट विचारलं नाही.

चव मोजायचं यंत्र विकणाऱ्याला मालकीणबाईंनी आधीच बोलावून ठेवलं होतं आणि तो ठरल्या दिवशी हजर झाला. टापटीप, बोलण्यात गोड, हातात पेटी. पेटीतून चकचकीत नळी असलेलं यंत्र निघालं. नळी जॅममध्ये बुडवायची, की पडद्यावर आकडे येतात. गोड किती, आंबट किती, कडू किती. चवताईने चौघांना कप्प्यांत बसवलं, ट्रे आत सारले आणि एक ट्रे यंत्राला दिला. चौघांनी वेगळी वाटी ओळखली. यंत्रानेही ओळखली. दुसऱ्या ट्रेचंही तेच झालं. चवताईचा जीव भांड्यात पडला. बरोबरी झाली तरी तिला पुरेशी होती.

तेवढ्यात यंत्रवाल्याला उकडलं. आकडे समजावून सांगताना तो रुमालाने कपाळ पुसायला लागला. थंडोबाने आपलेपणाने त्याला बटणाकडे बोट दाखवलं. यंत्रवाल्याने ते पाचवर नेलं आणि सवयीने आपल्या पडद्याकडे पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात खोलीचं तापमानही दिसत होतं. आकडा हलला नाही. त्याने बटण एकवर आणलं, वाट पाहिली, परत पाचवर नेलं. आकडा हलेना. त्याने खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. 

डबी उघडली. आतून स्ट्रॉबेरीची चित्रं असलेली लेबलं एकामागून एक जमिनीवर पडली. तार एकही नव्हती.

लाल दिव्याखाली कुणाचा चेहरा कसा झाला ते दिसलं नाही, एवढंच बरं. गोधडींनी खुर्चीवरची शाल ओढून घेतली आणि गळ्यापर्यंत गुंडाळली. थंडोबा डबीच्या आत बोट घालून चाचपत राहिला. यंत्रवाला हसला. हसताना सभ्यपणा त्याने सोडला नाही, पण जे बोलला ते सुरीसारखं होतं.

"मॅडम, माझं अजून काही सांगायचं राहिलंय का? रिकाम्या डबीने ज्यांना गार वाटतं, त्यांच्या शब्दावर तुम्ही कढया ओतता."

हे कुणी केलं, असं मालकीणबाईंनी विचारलं. चवताईला दिराची आठवण झाली. त्याचं नाव घेतलं असतं तर सगळं त्याच्या माथी गेलं असतं. तिने ते घेतलं नाही.

"मी केलं, मॅडम," ती म्हणाली. "भांडणं थांबावीत म्हणून. यांना काहीच माहीत नव्हतं."

आता खोकी येणार हे तिला स्पष्ट दिसत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे चौघांपैकी कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. तिला खूप वाईट वाटत होतं, आणि नेमकी अशाच वेळी तिची नजर खुंटीकडे गेली. मनातून तिने स्वतःला हलकट म्हटलं. मग ती गेली, जाकीट खुंटीवरून काढलं, हाताने झटकलं, आणि अगदी अदबीने मालकीणबाईंसमोर धरलं.

"गेल्या वेळी इथे राहिलं होतं, मॅडम. एकवर ठेवल्यावर तुम्ही काढलं होतं ते. देऊ का?"

मालकीणबाईंनी जाकिटाकडे पाहिलं. मग उघड्या डबीकडे. मग चवताईकडे, आणि तिथे त्या बराच वेळ थांबल्या. चवताईच्या चेहऱ्यावर सेवाभावाखेरीज काहीही नव्हतं. मालकीणबाईंनी जाकीट घेतलं आणि सावकाश एकेक बाही चढवली. त्यांना विचार करायला तेवढा वेळ मिळाला.

"तुमच्या यंत्राला हे बटण फिरवून गार वाटेल का हो?" त्यांनी यंत्रवाल्याला विचारलं.

"कधीच नाही, मॅडम. तीच तर खुबी आहे."

"मग माझा जॅम तुमच्या यंत्राला कसा कळणार? माझा जॅम माणसं खातात. बाटलीचं झाकण लाल केलं की त्यांना तो जास्त गोड लागतो, आणि तो जास्त गोड लागला की ती आणखी एक बाटली नेतात. फसतं कोण आणि कुठे, हे सांगायला मला फसणारी माणसंच लागतील."

यंत्रवाल्याने पुष्कळ मुद्दे मांडले, सगळे बरोबर होते. मालकीणबाईंनी ते ऐकून घेतले आणि त्याला चहा देऊन वाटेला लावलं. हे बोलणं त्यांना खरोखर पटलं होतं की जाकिटाची लाज झाकायला सुचलं होतं, यावर चवताईच्या घरी पुढे बरेच दिवस वाद चालला. चवताईच्या मते आधी दुसरं आणि मग पहिलं. बोलता बोलता मालकीणबाई स्वतःलाच पटवत गेल्या.

खोली राहिली. मात्र निघताना मालकीणबाईंनी बजावलं, की हा पोरकटपणा पुरे. वेगळं छोटं यंत्र बसवा आणि बटणाला खरी तार जोडा.

चौघं दोन दिवस चवताईशी कामापुरतंच बोलली. तिने प्रत्येकाची वेगवेगळी माफी मागितली. थंडोबा म्हणाला, ठीक आहे, पण मान फिरवून म्हणाला. गोधडी रडल्या. शाल काढलेली लोकांनी पाहिली याचंच त्यांना जास्त लागलं होतं. दिराने मात्र मान खाली घालून खरं यंत्र बसवलं, खरी तार ओढली, आणि आपल्या हातून प्रथमच प्रामाणिक काम झाल्याबद्दल घरी शोक व्यक्त केला.

आणि मग खऱ्या गारव्याने खोलीची दैना केली. थंडोबाने चारवर नेलं की आता खरंच चार व्हायचं. गोधडींची बोटं निळी पडायची आणि चमचा वाटीवर कडकड वाजायचा. गोधडींनी दोनवर आणलं की थंडोबाचा सदरा पाठीला चिकटायचा. पूर्वीचं तीन सगळ्यांना गोड लागत होतं. खरं तीन एकालाही आवडेना, आणि ते आपल्या तीनसारखं नाहीच असं होयबासकट सगळे म्हणायला लागले. पुठ्ठा परत आला. खुर्च्या परत सरकल्या. एका सकाळी गोधडी ऐन वाटीत शिंकल्या आणि तो ट्रे बाद करावा लागला. निकाल पुन्हा चार दिशांना पांगले. चवताईला परत घास उतरेना. आता तिच्याजवळ दुसरं जाकीट नव्हतं.

दुपारची सुट्टी संपताना चौघंही तिच्यासमोर येऊन उभी राहिली. गोधडींना पुढे केलेलं होतं.

"ताई, ते आधीचंच बरं होतं," त्या शालीचं टोक पिळत म्हणाल्या.

आधीचं म्हणजे कुठलं, असं चवताईने विचारलं. आधीचं म्हणजे तार नव्हती ते, असं थंडोबाने जमिनीकडे बघत सांगितलं.

आता सगळं उघडकीला आलं आहे, डबीच्या आतली लेबलंसुद्धा सगळ्यांनी पाहिली आहेत, मग आता कसं चालेल, असं ती समजावून सांगायला लागली. त्यांची फसवणूक केल्याचं तिला अजून टोचत होतं, आणि पुन्हा तीच करा म्हणून ही माणसं आर्जव करत होती. तेव्हा मुनी बोलला. तो बोलतोय हे लक्षात यायलाच सगळ्यांना वेळ लागला.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," तो म्हणाला. "बटण फिरवलं तरी फितीचं हलणं बदललं नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तीनवर बरं वाटायचं."

त्यानंतर वाद घालायला काही उरलं नाही. चवताईने तळघरात फोन लावून दिराला बोलावलं. तो पक्कड घेऊन आला. चौघं अर्धवर्तुळ करून उभी राहिली. त्याने बटणाची तार सगळ्यांच्या देखत तोडली आणि दोन्ही टोकं धरून प्रत्येकाला दाखवली. मुनीने टोकाला बोट लावून पाहिलं. नवं यंत्र मधल्या गारव्यावर कायमचं ठेवून दिलं. चवताईने खाली पडलेली जुनी लेबलं जपून ठेवली होती, ती तिने स्वतःच्या हाताने डबीत परत कोंबली आणि झाकण लावलं.

गोधडी पुढे झाल्या. कट्ट. त्या क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या, आणि शाल खुर्चीच्या पाठीवर गेली. थंडोबा आपली पाळी येईपर्यंत समजूतदारपणे थांबला, मग त्याने चारवर नेलं आणि हाश्श केलं. त्या दिवसाचे सगळे ट्रे चौघांनी बरोबर ओळखले. चवताईने ट्रे धुताना डोळे पुसले, आणि या खेपेला भाजीवर काही ढकलायची गरज नव्हती.

चौघं चहाला गेल्यावर ती खोली आवरायला आत आली. खालून कढयांची वाफ जिन्याने वर येत होती, ट्रे उचलून तिला घाम फुटला होता. ती बटणाजवळ थांबली. दार लोटलेलं आहे ना ते तिने पाहिलं. लेबलं कुणी कोंबली, तार कुणी तोडायला लावली, हे तिला सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. असल्या गोष्टींना आपण भुलणारे नाही, असं स्वतःला बजावून तिने बटण चारवर नेलं. कट्ट. फीत आधीसारखीच हलत होती. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, जरा वेळ गेला, आणि तिने मानेवरचा पदर सारखा केला.

मग तिने बटण तीनवर आणलं. चारवर जरा जास्तच होत होतं.